फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात? (आणि 'व्हायला हवं' ते 'होऊ शकतं' कधी होतं?)

कडूलिंब

मुलाची पहिली नोकरी, पहिला फेब्रुवारी. पगारपत्रक नाचवत आला. "बाबा, दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० जातात, या वेळी ३०० गेलेत. काय लूट आहे!" म्हटलं, बाळा, अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे, वर तीनशे, झाले पंचवीसशे. वर्षाला २५०० च्या वर हा कर घेता येत नाही असं घटनेचं कलम २७६ सांगतं, म्हणून फेब्रुवारीत हिशोब पुरा करतात. तो "बरं" म्हणाला आणि मोबाइलात शिरला. डोकं माझंच अडकलं.

कारण हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने महिन्याला चार पैसे द्यायचे, सरकारने तेवढेच घालायचे आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

आता माझा प्रश्न. माणसाला काम मिळावं हे कुणाला नको होतं? घटनेच्या कलम ४१ मध्ये ते १९५० पासून लिहिलेलंच आहे, फक्त शेजारी 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी मेख आहे. मग पंचवीस वर्षं नुसतंच 'व्हायला हवं' असलेलं हे काम एकाएकी 'होऊ शकतं' कसं झालं? बहात्तरचा दुष्काळ, हे उत्तर मला पुरत नाही. दुष्काळ आधीही पडले होते.

माझा अंदाज असा की एखादं राजकीय उद्दिष्ट शक्य की अशक्य, हे त्या उद्दिष्टाकडे बघून कळतच नाही. पैसे कोण देणार आणि नाही म्हटलं तर कुणाला महागात पडणार, ते बघावं लागतं. तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या. आजच्या पक्षांची धुणी मात्र इथे धुऊ नका, त्यासाठी वेगळे घाट आहेत.

सुपारीखांड

पहिला! सावकाश वाचतो.

सदाफुली

बायकांना पंचवीस हजार पगारापर्यंत हा कर माफ आहे, २०२३ पासून. मुलाला सांगा, उगाच रडू नकोस.

नानबा

कडूलिंब, एक गोष्ट राहिली. दुष्काळ हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे साचा आधीच तयार होता. वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ च्या सुमारास विसापुरात हे छोट्या प्रमाणावर करून पाहिलं होतं. बहात्तरला सरकार 'आता काय करू' म्हणून डोकं धरून बसलं तेव्हा यांच्याकडे उत्तर होतं, तेही हात मातीत घालून तपासलेलं. आधीच्या दुष्काळांतही लोक खडी फोडत होतेच की. पण पाऊस पडला की काम बंद आणि विषयही बंद. या वेळी पाऊस पडल्यावरही विषय बंद झाला नाही, कारण कुणीतरी तो कागदावर मांडून ठेवला होता. माझ्या मते शक्य होण्याची पहिली अट हीच. संधी आली त्या दिवशी मसुदा खिशात पाहिजे.

अवकाळी

नानबा, हात मातीत घालण्यावरून आठवलं. माझी आजी बहात्तरला कामावर जायची. कोण सभापती आणि कोण मंत्री, तिला काही ठाऊक नव्हतं. तिला चौकडी ठाऊक होती. जमिनीवर फक्कीने चौकोन आखून द्यायचे, तेवढं खणायचं. मधे मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचा, कारण साहेब आला की त्या खुंटावरून खोली मोजणार आणि त्यावर पैसे. रात्री कुणी खुंटाच्या डोक्यावर ओली माती थापून तो उंच करायचे! साहेब पण पोचलेला, हातातली काठी आधी खुंटाच्या शेंड्यात खुपसून बघायचा.

हे गमतीत सांगत नाही. हजेरीपट, माप, आठवड्याचा पगार ही सगळी यंत्रणा दुष्काळात उभी राहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं कामावर होती म्हणतात. 'एवढ्या लोकांना काम देणं शक्य आहे का?' असं विचारायला जागाच उरली नाही, कारण ते चालू होतं. जे काल केलं ते उद्या जमणार नाही असं म्हणणं अवघड जातं.

हिशोबी

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून थोडा मिठाचा खडा.

रोहयो (रोजगार हमी योजना) जमली कारण ती ज्यांना नको असायला हवी होती त्यांनाही फायद्याची होती. पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. पाझर तलावाखालच्या विहिरीला पाणी कुणाच्या वाढलं? खड्डा खणणाऱ्या बाईच्या नाही, तिला विहीरच नव्हती. बागायतदाराच्या वाढलं. शहरवाल्यांना काय मिळालं? बहात्तरला खेडी रिकामी होऊन मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येत होती. महिन्याला थोडे पैसे देऊन ते लोंढे गावातच थांबणार असतील तर सौदा वाईट नव्हता.

आणि पुढची गंमत. १९८८ साली रोहयोची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली. मजुराच्या बाजूने बघितलं तर उत्तमच. पण त्यानंतर कामावरची हजेरी वाढायच्या ऐवजी घटली. लोकांना अचानक काम नको झालं होतं का? कामं उघडण्यात हात आखडता आला. फुकटात मिळणारी पुण्याई महाग झाली की दाते कमी होतात.

तेव्हा 'शक्य' म्हणजे बलवानांना परवडेल ते. एवढंच.

जहाल_मवाळ

हिशोबी, 'एवढंच' म्हणून दार लावून घेऊ नका.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. फाजल अली, पणिक्कर, कुंझरू. त्यांनी मुंबईचं मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य सुचवलं, विदर्भ वेगळा सुचवला. दिल्लीला मुंबई महाराष्ट्राला द्यायची नव्हती, शहरातल्या भांडवलवाल्यांना द्यायची नव्हती, पंतप्रधानांचं मन नव्हतं. बलवानांपैकी एकालाही परवडत नव्हतं. त्या दिवशी तुमच्यासारखा हिशोबी माणूस संयुक्त महाराष्ट्र समितीत असता तर म्हणाला असता, बाबांनो, हे व्यवहार्य नाही, घरी जा. लोक घरी गेले नाहीत. शंभराहून जास्त माणसं गोळीबारात गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थखातं सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. १ मे १९६० ला राज्य.

'शक्य आहे का?' हा प्रश्न बहुतेक वेळा जैसे थे ठेवू पाहणाराच विचारतो, हे माझं ठाम मत आहे. तत्त्वतः मान्य, व्यवहारात अडचणी. हे वाक्य ज्याने कुठल्याही सरकारी टेबलासमोर उभं राहून ऐकलंय त्याला माझा मुद्दा समजेल. अशक्य मागितल्याशिवाय शक्य काय ते कळत नाही.

सुपारीखांड

वाचून झालं. दोघांचंही पटलं. आता काय करू?

पाटीपेन्सिल

@सुपारीखांड, निवडणूक लढवा.

नानबा

जहाल_मवाळ, चळवळीबद्दल आदरच आहे, आमच्या घरातले लोक तुरुंगात जाऊन आलेत. पण गोष्ट अर्धी सांगितलीत. त्याच समितीच्या घोषणेत बेळगाव-कारवारही होतं. तीच माणसं, तोच त्याग. मुंबई आली, बेळगाव आलं नाही. १९६६ ला सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, अहवाल आला, महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इच्छा कमी पडली असं सीमाभागातल्या माणसाच्या तोंडावर म्हणून दाखवा.

फरक कुठे होता? मुंबईच्या बाबतीत चिडलेला मतदार काँग्रेसचं राज्यातलं सरकारच हलवू शकत होता. १९५७ ला ते तरलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जिवावर, आणि त्यातल्या गुजरातलाही वेगळंच व्हायचं होतं, महागुजरातचं आंदोलन पेटलेलं होतं. म्हणजे द्विभाषिक राज्य दोन्हीकडून कुणालाच नको होतं. बेळगावच्या मराठी माणसाचं मत मात्र कर्नाटकात मोजलं जातं. तिथे त्याला खूश केलं की दहा जण नाराज होतात. त्याग दोन्हीकडे सारखाच होता हो, तराजू वेगळा होता.

वऱ्हाडी_ठेचा

आमचा उल्लेख दोनदा झाला, आता बोलू द्या जी.

कागदावर पाहिलं तर वेगळा विदर्भ सगळ्यात सोपा. घटनेचं कलम ३ पाहा. नवं राज्य करायला संसदेत साधं बहुमत पुरते. विधानसभेचं फक्त मत विचारतात, ते मानलंच पाहिजे असं नाही. आंध्रच्या विधानसभेनं २०१४ च्या जानेवारीत नाही म्हटलं तरी २ जूनला तेलंगणा झालाच ना? आयोगानं तर आम्हाले १९५५ मधेच देऊन टाकलं होतं. २००० साली एका महिन्यात छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड अशी तीन राज्यं झाली. आम्ही पाहत राहिलो.

काहून नाही झालं? शिव्या दिल्लीले देता येतात, मुंबईले देता येतात, विदर्भाले महाराष्ट्रात आणणाऱ्या नागपूर कराराले तर जन्मभर देता येतात. पण खरं सांगतो, खुद्द आमच्यातच ते पहिल्या नंबरावर नाही. १९७१ ला नागपूरनं विदर्भवादी जांबुवंतराव धोट्यांना लोकसभेत पाठवलं. त्यानंतर फक्त विदर्भाच्या नावानं मत मागणाऱ्याले लोकं चहा पाजतात, मत देत नाहीत. माझा मोठा भाऊ कट्टर विदर्भवादी, गाडीवर स्टिकर. मतदानाच्या दिवशी विचारलं तर म्हणे, "अबे, कापसाच्या भावाचं पाहू दे आधी."

दिल्लीच्या पुढाऱ्याले हे बरोबर समजते. देऊन फायदा नाही, न देऊन तोटा नाही. मग तो काहून हात लावणार? अशक्य नाही ना ते, फक्त कुणाले घाई नाही.

कडूलिंब

ठेचाभाऊ, 'कुणाले घाई नाही' हे मी चोरणार आहे.

मांडवीकाठ

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे तर उद्दिष्ट सरळ मतपेटीतच घातलं होतं, १६ जानेवारी १९६७ ला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. विलीनीकरणासाठीच जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ ला सत्तेवर आला होता, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी तर विलीनीकरण झाल्यातच जमा केलं होतं. निकाल काय? दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडलं.

आणि खरी मजा पुढे. दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी भाऊसाहेबांनाच परत निवडून दिलं!

माझे आजोबा पक्षाच्या सिंह या निशाणीचे पक्के, घरात मराठी शाळेचा अभिमान, आणि दोन पानांवर शिक्का मारून आले. मरेपर्यंत सांगायचे, "भाऊंनी शाळा दिली, म्हणून मत भाऊंना. पण मुंबईला अर्ज घेऊन कोण जाणार?" पणजीतला मंत्री दारात भेटत होता, तो त्यांना मुंबईत गमवायचा नव्हता. पक्षाला मत मिळालं म्हणजे पक्षाच्या ध्येयाला मिळालं असं धरून चालणारे असे तोंडघशी पडतात. ठेचाभाऊंच्या भावाचं हे उलट टोक समजा.

टोपणनाव_नंतर_सांगतो

धाग्याचा भूगोल विस्तारतोय. पुढच्या पानापर्यंत अंदमान येईल.

रानमोगरा

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या पुण्यात. दारूबंदीवर कुणीच कसं बोललं नाही? 'व्हायला हवं' याचं याहून मोठं उदाहरण नसेल.

आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. बायकांनी मोर्चे काढून, नागपूर अधिवेशनावर धडका मारून मिळवली होती. २०२१ मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत काय झालं ते प्रत्येक घर वेगळं सांगेल. बाटली दुप्पट-तिप्पट भावाने मिळायची, हे मात्र सगळेच सांगतात. ज्यांना घोषणा करायची होती त्यांची एका दिवसात झाली. रोज रात्री नाक्यावर गाडी तपासणं हे ज्यांचं काम, त्यांना रोज रात्री ते न करण्याचं आमिष. जहाल_मवाळ, मागणी मान्य झाली म्हणजे ती शक्य झाली असं नसतं.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मावशीच्या गावची. जिल्हा वेगळा, तिथे सरसकट बंदी नाही. पण परवान्याचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. अट अशी की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. एकूण, आलेल्यांपैकी नाही. म्हणजे जी आली नाही ती दुकानाच्या बाजूची. पहिल्या वेळी रांगेतल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी आडवी मारली आणि तरी हरल्या. मावशी म्हणे, "रांगेत तर एक पण उभीवाली नव्हती!"

नंतर शाळेच्या ओट्यावर यादी घेऊन बसल्या तेव्हा उलगडलं. लग्न होऊन गेलेल्या पोरी यादीत तशाच. वारलेल्या दोन आज्या यादीत. ऊसतोडीला गेलेल्या यादीत. त्या सगळ्या दुकानदाराकडून मतदान करत होत्या, बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं. मग दोन वर्षं मोर्चा नाही, घोषणा नाही. नुसते अर्ज भरून नावं कमी करणं. कारखान्याचा हंगाम संपून टोळ्या परत आल्यावरचीच तारीख मागून घेतली. सासरी गेलेल्या पण यादीत उरलेल्या नऊ पोरींना भाड्याच्या जीपने आणलं, जेवणात पुरणपोळी. दुसऱ्या वेळी जिंकल्या.

इच्छा दोन्ही वेळी तेवढीच होती.

सदाफुली

रानमोगरा, अंगावर काटा. मावशींना नमस्कार सांगा.

अवकाळी

+१. "त्या सगळ्या दुकानदाराकडून मतदान करत होत्या." हे वाक्य छापून लावायला हवं.

जहाल_मवाळ

मान्य. पण मोर्चाशिवाय मतदानाचा तो नियम तरी आला असता का? एवढं बोलून थांबतो.

झुरिककर

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. इथे स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला. छापण्याची चूक नाही, एकोणीसशे एकाहत्तर. कारण हक्क द्यायचा की नाही यावर मतदान घ्यावं लागे आणि ते मत देणार फक्त पुरुष. १९५९ ला दोनतृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. बारा वर्षांनी जवळपास तेवढ्याच प्रमाणात हो म्हटलं. आपेनझेल इनरऱ्होडन नावाच्या चिमुकल्या कँटनमध्ये पुरुष १९९० पर्यंत अडून बसले, शेवटी कोर्टाने हक्क दिला.

आपल्याकडे तुलना करा. पंचायतीतलं महिला आरक्षण १९९२ च्या घटनादुरुस्तीने झालं, महाराष्ट्राने पुढे ते ५० टक्के केलं. लोकसभेचं विधेयक १९९६ ला मांडलं ते मंजूर व्हायला २०२३ आलं, आणि त्यालाही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेचं शेपूट आहे. दोन्हीकडे भाषणं तीच, देवी-शक्ती-मातृभूमी. पंचायतीच्या वेळी खासदार दुसऱ्याची खुर्ची देत होते, नंतर स्वतःची द्यायची वेळ आली. कडूलिंब, पैसे कोण देणार यासोबत खुर्ची कोण सोडणार हेही जोडा.

पाटीपेन्सिल

आमच्या सोसायटीत सौर पॅनेल सगळ्यांना हवीत, गच्ची मात्र वरच्या मजल्यावाल्याला सोडवत नाही. सहा वर्षं 'तत्त्वतः मान्य'.

टोपणनाव_नंतर_सांगतो

अवांतर: अवकाळी, आजी सुकडीबद्दल काही सांगायच्या का? बहात्तरचं म्हटलं की आमच्याकडे सुकडी आणि लाल मिलो ज्वारी या दोन गोष्टी निघतातच.

अवकाळी

सांगायची म्हणजे! मिलोच्या भाकरीला शिव्या आणि सुकडीची आठवण. कामावर वाटायचे. ती स्वतः अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून माझ्या वडिलांसाठी आणायची. वडील आजही म्हणतात की तशी चव परत मिळाली नाही. मी म्हणते, तशी भूक परत लागली नाही.

हिशोबी

मघाशी 'एवढंच' लिहिलं होतं, ते मागे घेतो. अवकाळींच्या आजींनी आणि रानमोगरांच्या मावशींनी मागे घ्यायला लावलं. बलवानांना परवडणं लागतंच, पण परवडेल असा सौदा आपोआप तयार होत नाही. पाग्यांनी तो आखला. त्या बायकांनी तर बाजू वळवली नाही की कुणाला पटवलं नाही, मोजण्याची पद्धत समजून घेतली. १९८८ च्या मजुरीबद्दल मात्र ठाम आहे.

कडूलिंब

हिशोबींनी एक पाऊल मागे घेतलं म्हणजे धागा सार्थकी लागला. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

मी सुरुवातीला लिहिलं की पैसे कोण देणार आणि नाही म्हणणं कुणाला महाग पडणार. त्यात आता झुरिककरांची खुर्ची आली, नानबांचा खिशातला मसुदा आला. ठेचाभाऊंच्या घाईने माझा मूळ अंदाजच थोडा हलवला. मी अडवणाऱ्यांकडेच बघत होतो. पण बऱ्याच गोष्टी कुणी अडवलेल्या नसतात, नुसत्या पडून असतात. कलम ४१ पंचवीस वर्षं कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. जहाल_मवाळ, तुमच्या चळवळीचं काम इथे मला दिसतं. ती अशक्याला शक्य करते की नाही माहीत नाही, पडून असलेल्याला घाईचं करते.

रात्री मुलाला हे सगळं जेवताना सांगितलं. चौकडीचा खुंट त्याला फार आवडला. मग म्हणाला, "२००५ च्या कायद्याने पहिल्या शंभर दिवसांची मजुरी केंद्र द्यायला लागलं, मग माझे २५०० अजून कशाला?" मी म्हटलं शंभराच्या पुढचे दिवस राज्याचे ठरले. तो म्हणाला, "एवढे दिवस तिथे कुणाला काम मिळालं का?"

बायको म्हणाली, आमटी वाढू का?

सुपारीखांड

एकदा लागलेला कर रद्द करणं इष्ट की शक्य? नवा धागा काढा.

नानबा

काढू नका. आधी सुकडी कशी करायची ते अवकाळींनी सांगावं. घरी नातवंडं आलीत.

अवकाळी

गव्हाचं पीठ तेलावर खमंग भाजायचं, गूळ बारीक चिरून गरम असतानाच मिसळायचा. खरी सरकारी सुकडी अशी नव्हती म्हणे, तिचं पीठ वेगळं यायचं. वडिलांना करून दिली होती. सगळी खाल्ली आणि म्हणाले, "चांगलीय, पण ही ती नाही."